विश्वस्त व्हायचं की टेबलाशी बसायचं?

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक सकाळीच घरी आले. तालुक्याच्या गावी एक सल्ला-मार्गदर्शन केंद्र आहे. निराधार योजना, सातबारा, पीकविमा, सावकारी, घरातली मारहाण, असल्या बाबतीत लोकांना फुकट सल्ला देणारं. त्या ट्रस्टनं सरांना पत्र दिलं होतं : ‘आपण विश्वस्त म्हणून यावे.’ आणि केंद्रात काम करणाऱ्या ताईंनी वेगळं सांगितलं होतं : ‘सर, विश्वस्त बरेच आहेत, तुम्ही बाजाराच्या दिवशी टेबलाशी बसा.’

"तुम्ही दोन्ही केलंय. सांगा, काय करू?"

चहा संपेपर्यंत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितो आहे. मी बँकेतून निवृत्त झालो, यवतमाळ जिल्ह्यात राहतो. अशाच एका केंद्रात चार वर्षं टेबलाशी बसलो, गेली तीन वर्षं विश्वस्त आहे. दोन्ही कामांना पगार नाही, हे एक साम्य सोडलं तर ती फारशी एकमेकांसारखी नाहीत.

आधी टेबल. आमच्याकडे बुधवारी बाजार भरतो. खेड्यावरची माणसं त्याच दिवशी तालुक्याला येतात, म्हणून केंद्रही त्याच दिवशी भरतं. जून-जुलैत पेरणीच्या धांदलीत चिटपाखरू नसतं. मी टेबलाशी असताना ऑगस्ट-सप्टेंबरात एखादा ढगफुटीसारखा पाऊस झाला की दारात चपलांचा ढीग लागायचा. कारण तेव्हा पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असायची आणि वावरात पाणी साचलेलं असताना तास मोजत कोण बसतो?

एकदा एक आजी आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आधार, रेशनकार्ड, दोन पासबुकं आणि कुठल्यातरी जुन्या निवडणुकीची चिठ्ठी. "भाऊ, माहे निराधारचे पैसे काहून बंद केले जी? म्या तं जित्ती हाव." हयातीचा दाखला दिलेला होता. तलाठ्याकडे, तहसिलीत, सगळीकडे जाऊन आल्या होत्या. मी पिशवी टेबलावर रिकामी केली. दुसरं पासबुक कित्येक वर्षांपूर्वी कुठल्यातरी शिबिरात उघडलेल्या जनधन खात्याचं होतं. आधार शेवटचं त्या खात्याला जोडलेलं. आता पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात जातात, म्हणजे अनुदान चालूच होतं, फक्त आजी ज्या बँकेच्या पायऱ्या झिजवत होत्या तिथं येत नव्हतं. पासबुक भरून आणलं तेव्हा त्यात सात महिन्यांचे पैसे जमा होते. आजींनी ते उलटं धरून बघितलं आणि म्हणाल्या, "मंग त्या साहेबानं का नाही सांगतलं बाप्पा?"

टेबलाचा आनंद असा असतो. रोख. त्याच दिवशी दिसतो.

त्रासही तिथंच दिसतो. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला शासनाकडून एक लाखाची मदत मिळते. ३० हजार आधी, ७० हजार बँकेत ठेव. पण प्रकरण समितीपुढं जातं आणि तिथं पात्र-अपात्र ठरतं. जमीन नावावर नव्हती, कर्ज बँकेचं नव्हतं, असल्या कारणांनी फाईल परत येते आणि ते कारण त्या बाईला समजावून सांगायचं काम टेबलाशी बसलेल्या माणसावर येतं. त्या दिवशी घरी जाऊन जेवण गोड लागत नाही. ज्याला झोपेचा त्रास आहे त्यानं याचा विचार आधी करावा.

टेबलासाठी अंगात काय लागतं? कागद वाचायची चिकाटी, थोडं वऱ्हाडी कानावर असणं, आणि ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणता येणं. हे तिसरं शिक्षकांना सगळ्यात जड जातं. (सर, राग मानू नका.) चुकीचा सल्ला माणसाला न दिलेल्या सल्ल्यापेक्षा महाग पडतो. अवैध सावकारीत गेलेली जमीन २०१४च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मिळू शकते. हे ठाऊक नसलेला एखादा भला माणूस ‘जाऊ द्या, कोर्टात आयुष्य जाईल’ म्हणून मोकळा होतो, आणि ऐकणारा खरंच गप्प बसतो.

ज्यांना टेबल हवं पण ट्रस्टच्या गटबाजीत पडायचं नाही, त्यांच्यासाठी विधी स्वयंसेवकाची सोय आहे. लोक ‘पीएलव्ही’ म्हणतात. २००९पासून ही योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण निवड करतं, प्रशिक्षण देतं, ओळखपत्र देतं आणि कामाच्या दिवसाचं मानधनही असतं. निवृत्त शिक्षक, अंगणवाडीताई, बचतगटातल्या बाया, सगळ्यांना घेतात. लोकांना मोफत वकील मिळण्याची वाटही तिथूनच जाते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही, आणि हे आपल्याकडे निम्म्या घरांत माहीत नसतं. १५१०० हा त्यांचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा.

आता विश्वस्तपद. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण फसायला होतं ते इथंच.

विश्वस्त म्हटलं की आमच्याकडं डोळ्यांसमोर हार, शाल आणि नारळ येतो. सेवाग्राम एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या अंतरावर आहे, तेव्हा गांधीजींची विश्वस्ताची कल्पनाही कोणीतरी भाषणात काढतोच. कायद्याच्या डोळ्यांसमोर मात्र खतावणी असते. हा कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. त्यात हिशेब ठेवणं, लेखापरीक्षण करून घेणं ही विश्वस्तांची जबाबदारी आहे, सीएची किंवा कारकुनाची नव्हे. ट्रस्टची जमीन-इमारत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, ट्रस्टसाठी कर्जही परवानगीशिवाय काढता येत नाही. हिशेब देण्यात वारंवार कसूर झाली किंवा पैशाची अफरातफर झाली तर विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. ‘मी नुसती सही केली’ हे उत्तर तिथं चालत नाही.

आणि सही कशी होते ते सांगतो. माझी पहिली बैठक. आलूबोंडे आले, चहा आला, मग ठराव वही माझ्यापुढं सरकवली. अजून चर्चा सुरू व्हायची होती आणि वहीत पाच ठराव सुवाच्य अक्षरात लिहून तयार होते. प्रत्येकाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. सूचक म्हणून माझं नाव. मी म्हटलं, मी तर काही सुचवलंच नाही. सगळे हसले. सचिव म्हणाले, "साहेब, बँकेत होते ना, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय." मीही हसलो आणि सही केली. ती सही अजून टोचते.

वर्षभरानं एक छोटं अनुदान मंजूर झालं. बँकेनं परिशिष्ट एकचा उतारा मागितला, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरात विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत त्याचा. त्यात सात नावं होती. दोघं वारलेले, एक पुण्याला मुलाकडं, आणि माझं नाव नाहीच. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्याकडं तो दोन वेळा दिलाच नव्हता. म्हणजे वर्षभर मी पत्रिकेवर विश्वस्त होतो, कागदावर कोणी नव्हतो. मग विलंबमाफीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, वारसांच्या सह्या, जिल्ह्याला फेऱ्या. अनुदान तोवर परत गेलं.

म्हणून विश्वस्त होण्याआधी हे मागून घ्या : परिशिष्ट एकचा ताजा उतारा, ट्रस्टची नियमावली, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आणि ठराव वही चाळायला. चेकवर सह्या कोणाच्या चालतात आणि केंद्रातल्या कार्यकर्तीचं मानधन किती महिन्यांचं थकलंय, हे तोंडीच विचारा. ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ असं उत्तर आलं तर नम्रपणे नमस्कार करा आणि पीएलव्हीचा फॉर्म भरा.

मग विश्वस्त व्हायचंच कशाला? यालाही माझ्याकडं एक उत्तर आहे, ते म्हणजे एक लोखंडी कपाट.

टेबलाशी असताना आमची नोंदवही उघडीच पडलेली असायची. नाव, गाव, तक्रार. एका बुधवारी गर्दीत एक गृहस्थ ओळीत उभे राहून सहज पानं उलटत होते. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या एका मुलीचं नाव त्यांनी वाचलं. ते नात्यानं तिचे चुलतसासरे निघाले. पुढं त्या घरात काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ताईंनी कपाट मागितलं होतं, दोनदा, लेखी. ते पत्र बैठकीत ‘पुढील सभेत विचार’ म्हणून पडून होतं, कारण त्याच वेळी वर्धापनदिनाच्या मांडवाची चर्चा रंगली होती.

टेबलाशी बसून मला फक्त वही उचलून मांडीवर ठेवता आली. विश्वस्त झाल्यावर ठराव मांडला : कुलपाचं कपाट, किल्ली फक्त कार्यकर्तीकडं, वहीत नावाऐवजी क्रमांक, आणि तिचं मानधन महिन्याच्या पाच तारखेच्या आत. मांडवाचे पैसे त्यात गेले. अध्यक्ष दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. सोयऱ्याच्या लग्नात समोरासमोर आलो तेव्हा ते दुसऱ्या पंगतीला बसले.

दोन कामांतला खरा फरक मला यात दिसतो. टेबलाशी माणूस चांगला होतो, विश्वस्तमंडळात त्याला वाईटपणा घ्यावा लागतो, तोही ज्यांच्या घरी उद्या तेरवी-बारशाला जायचंय त्यांच्याशी. शहरात विश्वस्त भांडून घरी जातो. इथं भांडलेला माणूस संध्याकाळी पारावर भेटतो.

वेळेचं म्हणाल तर टेबलाला आठवड्याचा एक दिवस, ठरलेला. विश्वस्ताला कागदावर वर्षाच्या चार बैठका. पण ३१ मार्चनंतरचे सहा महिने, लेखापरीक्षण होईपर्यंत, पावत्या शोधण्यात जातात. खर्च दोन्हीकडं खिशातूनच. आणि एक मोह सांभाळायचा. विश्वस्त झाल्यावर मी बुधवारी जाऊन लोकांच्या पिशव्या उपसायला लागलो, तेव्हा ताई एकदा शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही माझे मालक आहात. लोक तुमच्याकडंच बघतात, मी सांगितलेलं मग कोण ऐकणार?" तेव्हापासून बुधवारी मी बाजारातून भाजी घेतो आणि सरळ घरी येतो.

बायांसाठी वेगळं सांगतो. ‘एक महिला पाहिजे’ म्हणून नाव घालायची पद्धत आहे. वही घरपोच येते, सही घेऊन जाते, बैठकीचा निरोप मात्र येत नाही. असं बोलावणं आलं तर पहिल्या बैठकीला स्वतः जा आणि वहीत आपल्या हातानं एक ओळ लिहा, कुठलीही. पुढच्या वेळी निरोप येतो. नाही आला तर राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, आणि बदल अर्जात आपलं नाव खरंच निघालं का ते बघा. तोंडी सोडलेलं पद दप्तरात तसंच राहतं.

हिशेबातला, सरकारी नोकरीतून आलेला, नात्यागोत्याला न घाबरणारा माणूस असेल तर मी त्याला विश्वस्तमंडळात ढकलेन, आमच्याकडं अशांचा दुष्काळ आहे. बाकी बहुतेकांना आधी वर्षभर टेबल. तिथं बसल्याशिवाय कुठला ठराव मांडायचा हेच कळत नाही. मलाही कपाट तिथंच कळलं.

सरांना मी नंतर हेच सांगितलं. त्यांनी ट्रस्टला पत्र लिहून तीन वर्षांचे अहवाल आणि परिशिष्ट एकचा उतारा मागितला आहे. ‘आठ दिवसांत पाठवतो’ असा सचिवांचा फोन आला, त्याला आता पाच आठवडे झाले. सर दरम्यान बुधवारी टेबलाशी बसायला लागलेत. परवा मला विचारत होते, जनधनचं खातं बंद करायला कुठला फॉर्म लागतो.