जळगावच्या उन्हाळ्यात लाल ट्रायप्लेन : ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ नवख्यांना खेळवल्यावर

सरळच सांगतो. ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ हा विमानांच्या लढाईचा टेबलावरचा खेळ नवख्यांना शिकवायला सोपा आहे, असं सगळीकडे म्हणतात. दिवाळीनंतर आणला, आता मे चालू आहे, आणि मधल्या बहुतेक रविवारी मी तो कुणा ना कुणा नव्या माणसाला खेळवलाय. माझं मत असं झालंय की शिकवायला बसलात तर हा खेळ अवघड आहे. न शिकवता नुसता खेळवलात तर सोपा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिल्या महायुद्धातली विमानं, 1/144 मापाची. रंगवलेलीच मिळतात, त्यामुळे ब्रश घेऊन बसावं लागत नाही. फासे नाहीत, घरं आखलेला पट नाही. टेबल हेच आकाश. प्रत्येक विमानाची चालींच्या पत्त्यांची वेगळी गड्डी असते. सरळ, हलकं वळण, जोरदार वळण, तिरकं सरकणं, असं. प्रत्येकानं त्यातले तीन पत्ते निवडून पालथे मांडायचे. मग सगळ्यांनी एकदम पहिला उघडायचा, विमानाच्या पायाला, म्हणजे खालच्या बैठकीला, पुढून लावायचा आणि विमान उचलून पत्त्यावरच्या बाणावर नेऊन ठेवायचं. समोर कुणी माऱ्याच्या कोनात सापडलं तर खेळासोबतची पट्टी लावायची. अर्ध्या पट्टीच्या आत असेल तर मार खाणाऱ्यानं डॅमेजचे, म्हणजे नुकसानीचे आकडे असलेले, दोन पत्ते उचलायचे, त्यापलीकडे पण पट्टीत असेल तर एक. मग दुसरा पत्ता, मग तिसरा. 2004 साली इटलीत ‘विंग्ज ऑफ वॉर’ या नावानं हा खेळ आला, 2012 पासून आताच्या नावानं मिळतो. गाभा तोच आहे.

सगळी मजा त्या ‘एकदम’मध्ये आहे. तीन पत्ते मांडून झाले की हात बांधलेले. समोरचा डावीकडे वळेल असं धरून तुम्ही डावीकडे निघालेले असता आणि तो सरळ तुमच्या बगलेतून निघून जातो. मग दोन्ही विमानं एकमेकांकडे पाठ करून टेबलाच्या दोन टोकांना, आणि बघणारे ओरडतात, “कथा चालना रे भो?” म्हणजे, कुठे चाललास रे भाऊ? हे वाक्य आमच्याकडे आता खेळाच्या नियमाइतकंच पक्कं झालंय.

आम्ही बसतो ते माझ्या मित्राच्या क्लासच्या हॉलमध्ये. बसतो म्हणजे उभे राहतो, त्याचं कारण पुढे येईल. येणारी मंडळी मिसळीची. क्लासची सातवी-आठवीची पोरं, त्यांना सोडायला येऊन तिथेच रेंगाळणारे पालक, केळीच्या व्यापारातला एक दोस्त, शेजारच्या वहिनी, आणि भुसावळहून येणारे एक काका, रेल्वेत लोको पायलट होते, आता निवृत्त. यातल्या कुणीच याआधी लुडो, कॅरम आणि रमीपलीकडे काही खेळलेलं नव्हतं. नियमपुस्तिका यांच्यापुढे वाचून दाखवायची म्हणजे पोरं मोबाइल काढणार आणि मोठे चहा आणायला उठणार. म्हणून मी पाच मिनिटांच्या आत विमानं हलायला लावतो. एवढंच सांगायचं : तीन पत्ते लाव, पालथे ठेव, मी म्हणेन तेव्हा उघड. गोळीबाराबद्दल पहिल्या फेरीत एक शब्दही नाही. फेरी संपता संपता कुणीतरी कुणाच्या तरी समोर येतंच आणि स्वतःहून विचारतं, “सर, आता मी याला मारू शकतो ना?” मग पट्टी काढायची. मागितल्यावर दिलेला नियम विसरला जात नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणी आधीच विचारलं तरी मी “थांब, कळेल” म्हणतो.

पहिल्या डावासाठी गड्ड्यांतून काही पत्ते मी बाजूला काढतो. इमेलमानचा पत्ता पहिला. जागच्या जागी उलटं फिरायची ही चाल, जर्मन वैमानिक माक्स इमेलमानच्या नावानं ओळखली जाते. खेळात तिच्या आधी सरळ आणि नंतर सरळ लावावंच लागतं, म्हणजे तिन्ही पत्ते त्यातच जातात. दुसऱ्या डावाला ती दिली की पोरं वेडी होतात. पहिल्या डावाला दिली की निम्मे जण नियम मोडून लावतात आणि खेळ तिथेच अडतो. डॅमेजच्या गड्डीतून स्फोटाचा पत्ताही काढतो. हा पत्ता आला की विमान खलास, किती मार शिल्लक आहे याला अर्थ नाही. चार महिने खेळणाऱ्या माणसाला तो थरार वाटतो. पण आईचा हात धरून आलेल्या नऊ वर्षांच्या पोरीचं विमान पहिल्याच गोळीला फुटलं तर ती पुढच्या रविवारी येणार नाही, आणि आईही नाही.

नवख्यांची खरी अडचण नियमांची नसतेच, डाव्या-उजव्याची असते. आपलं विमान आपल्याकडे तोंड करून येत असलं की त्याचं डावं म्हणजे आपलं उजवं. पत्ता उघडला की विमान भलतीकडे जातं आणि माणूस पत्त्याकडे असं बघतो जणू छापखान्यानं फसवलंय. तोंडी समजावून काही होत नाही. उपाय एकच : खुर्च्या काढून टाका. ज्याचं विमान त्यानं चाली निवडताना टेबलाला वळसा घालून विमानाच्या शेपटामागे जाऊन उभं राहायचं. पाच-सहा माणसं टेबलाभोवती फिरत असतात, थोडी धक्काबुक्की होते, पण उलट्या वळणांचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

लोको पायलट काकांना मात्र शेपटामागे जावं लागलं नाही. त्यांनी आल्याआल्या दोन फेऱ्या नुसत्या बघितल्या आणि पहिल्याच डावात केळीवाल्याचं विमान पाडलं. पोरांनी विचारलं तर म्हणाले, “तो आत्ता कुठे आहे ते कशाला बघतो? तिसऱ्या पत्त्याला कुठे असेल ते बघ.” गाडी थांबवायची तर ब्रेक स्टेशन दिसल्यावर लावून चालत नाही, ही ज्यांची नोकरीच होती त्यांना हा खेळ वेगळा शिकवावा लागत नाही. तेव्हापासून नवं कुणी आलं की मी त्याला काकांशेजारी उभा करतो. मी स्वतः खेळत नाही. खेळवणारा खेळायला लागला की त्याचं लक्ष स्वतःच्या विमानाकडे जातं आणि कोपऱ्यात कुणीतरी गोंधळून गप्प उभं राहतं.

डॅमेजचे पत्ते उचलणारा ते कुणाला दाखवत नाही, हा या खेळातला मला सगळ्यात आवडलेला भाग. आग, धूर, बंदूक अडकणं असलं काही आलं तर तेवढं उघड करायचं, आकडे गुपचूप. आमच्या वहिनी रमीच्या जुन्या खेळाडू. त्यांच्या विमानाला एक गोळी बाकी असते आणि चेहरा असा की आत्ताच उडालंय. “काहीच नही व्हयनं माले,” म्हणत सरळ शत्रूच्या अंगावर जातात आणि समोरचा घाबरून वळतो. पोरांना हे जमत नाही. ती पत्ता उचलतात आणि भुवया सगळं सांगून टाकतात.

आता जळगावचा प्रश्न. मार्चपासून हॉलमध्ये पंखा बंद ठेवून बसणं शक्य नाही, आणि पंखा चालू असला की पालथे पत्ते उलथे होतात. एकदा तिसरा पत्ता वाऱ्यानं उघडला की त्या फेरीचं गुपित संपलं. प्लॅस्टिकचे कव्हर घातले तर पत्ते घामट बोटांपासून वाचतात, पण जास्तच घसरतात. शेवटी प्रत्येकाला कॅरमच्या तीन सोंगट्या दिल्या, पत्त्यावर एकेक ठेवायला. टेबलावर फुले मार्केटमधून आणलेलं निळं फेल्ट अंथरलं. चादर नको, चुण्या पडतात आणि पत्त्याला पत्ता सरळ लागत नाही. चार विमानांना साधारण तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते. याहून मोठी दिली तर नवखे नुसते हिंडत राहतात, भेटच होत नाही. आणि शेव-मुरमुरे डाव संपल्यावरच. हा नियम पुस्तिकेत नाही, पण खानदेशात तो पहिल्या पानावर हवा.

मोठी तक्रार एकच. विमान पडलं की माणूस बाहेर. चौघांच्या डावात पहिला पडलेला वीस मिनिटं नुसता बघत उभा, आणि तो बहुतेक वेळा नवखाच असतो. म्हणून नुसती मारामारी मी आता फक्त पहिल्या डावाला ठेवतो. दुसऱ्यापासून दोन माणसांचं टेहळणी विमान मध्ये आणतो : आर. ई. 8 किंवा रुम्प्लर. त्यानं टेबलाच्या मधल्या खुणेवरून ‘फोटो’ काढून आपल्या बाजूला परतायचं. बाकीचे त्याला वाचवणारे किंवा पाडणारे. इतिहासालाही हे धरून आहे. त्या युद्धात विमानं आधी टेहळणीलाच वापरली गेली, एकमेकांना पाडायची शर्यत नंतर लागली. टेहळणी विमान संथ असतं, पण मागे बसलेल्या गनरमुळे पाठीवर आलेल्यालाही गोळी घालतं, त्यामुळे बुजऱ्या माणसाला द्यायला उत्तम. पडलेल्याला मी नवं विमान देऊन टेबलाच्या त्याच्या बाजूच्या कडेवरून परत आणतो. पुस्तिका काय म्हणते याची फिकीर करत नाही.

पोरांचे प्रश्न हा वेगळाच भाग. लाल ट्रायप्लेन, म्हणजे एकावर एक तीन पंखांचं विमान, सगळ्यांना हवं असतं, त्यावरून भांडणं होतात. ते मानफ्रेड फॉन रिख्टहोफेनचं. 80 विमानं त्याच्या नावावर, एप्रिल 1918 मध्ये मारला गेला. मग एकानं विचारलं, “सर, आपला कोणी नव्हता?” होता. इंद्रलाल रॉय, कलकत्त्याचा, जन्म 1898. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं त्याच्या नावावर लागली आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला तो पडला. वय एकोणीस. तो उडवायचा ते एस. ई. 5ए. त्या दिवसापासून आमच्याकडे एस. ई. 5 साठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात आणि लाल ट्रायप्लेनचा भाव उतरलाय. हरदितसिंग मलिकही होते, सॉपविथ कॅमल उडवणारे. पण त्यांची गोष्ट मी अजून राखून ठेवलीय.

कॅमलवरून आठवलं. या विमानाचं इंजिन पंख्यासकट गरगर फिरायचं, त्यामुळे ते उजवीकडे झटकन वळायचं. खेळातल्या त्याच्या गड्डीतही उजवीकडची वळणं जास्त तिखट आहेत. हे कुणाला आधी सांगू नका. दोन-तीन डावांनंतर एखादं पोरगं स्वतःच पत्ते शेजारी शेजारी मांडून बघतं आणि ओरडतं, त्या वेळचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

किरकोळ कटकटी. प्रत्येक विमानाची गड्डी वेगळी असल्यानं डाव संपल्यावर पत्ते त्यांच्यावरचं गड्डीचं अक्षर बघून वेगळे लावावे लागतात. हे काम सगळे गेल्यावर माझ्याच गळ्यात पडतं. विमान ज्या पारदर्शक काड्यांवर उभं राहतं त्या पोरांच्या हातात टिकत नाहीत, विमान काडीला नाही तर पायाला धरून हलवायची सवय लावा. उंचीचे नियम, म्हणजे काड्या एकावर एक चढवून वरखाली जाणं, दिसायला झकास. पण नवख्यांच्या टेबलावर ते आणले की खेळ निम्म्या वेगानं चालतो. आमच्याकडे ते पेटीतच आहेत आणि कुणी मागितलेलेही नाहीत.

खर्चाचं बोलायचं तर बाहेरून येणारा माल आहे, कस्टम आणि कुरिअर धरून विमानागणिक किंमत टोचते. म्हणून एकदम आठ विमानं घेऊ नका. दोन लढाऊ विमानं दोन्ही बाजूंची, आणि एक टेहळणी. एवढ्यावर तीन माणसं महिनोन्महिने खेळतील. एकाच जातीची दोन घेण्यापेक्षा वेगवेगळ्या गड्ड्यांची घ्या, नाहीतर चालींमधला फरक कधी कळणारच नाही. दुसऱ्या महायुद्धाची आवृत्तीही आहे, विमानं 1/200 मापाची. तिच्यात तीन पत्ते एकदम न लावता एकच चाल आगाऊ लावून ठेवायची असते आणि वेगाचाही हिशेब असतो. केळीवाल्या दोस्ताला तीच हवी आहे, त्यातल्या स्पिटफायर विमानासाठी हट्ट धरून बसलाय. त्याला म्हटलं, तुझ्या पैशानं आण, खेळवायला मी आहे.