मोटरसायकलची देखभाल: स्वतः की मेकॅनिककडे?
चेन साफ करणं, वंगण देणं, ढील (चेन वर-खाली किती हलते ते) तपासणं ही कामं मी कुणावर सोडत नाही. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिमी ढील लागते. चेन जास्त ताणली की बेअरिंगवर भार येतो, आणि घाईतला मेकॅनिक ती अनेकदा ताणूनच देतो. इंजिन ऑइलही घरी बदलता येतं. जुनं तेल मात्र गटारात ओतू नका, खरंच!

ब्रेकचं वेगळं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण २ वर्षांनी बदलावं लागतं. बदलताना लाइनमध्ये हवा राहिली, तर लिव्हर दाबूनही ब्रेक नीट लागत नाही. तिथे सरावलेल्या हातालाच पैसे द्यावेत. व्हॉल्व्ह क्लिअरन्सचंही (इंजिनच्या झडपांपाशी ठेवायची बारीक फट) तसंच. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवा.