भुसावळचा बिनतेलाचा डबा : सहा आठवडे खाऊन लिहितोय

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगतो, पाचपैकी चार. एक कापला तो बट्टीमुळे आणि रविवारच्या सुट्टीमुळे. बाकीचं ज्याला डॉक्टरांनी तेल बंद सांगितलंय त्याने वाचावं.

नोव्हेंबरात रात्री दोन वाजता पोट धरून दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, त्यातला एक खाली सरकून स्वादुपिंडाला सूज. चार दिवस सलाईनवर काढले. सर्जन म्हणाले, सूज पूर्ण उतरू द्या, सहा आठवड्यांनी पित्ताशय काढू, तोवर तेल-तूप बंद. मी विचारलं, कमी करू का? म्हणाले, कमी नाही, बंद. तेलकट-तुपकट पोटात उतरलं की पित्ताशय आवळतं, आणि आत खडे असताना ते आवळलं की पुन्हा तीच कळ. ती कळ एकदा सोसलेली असल्यामुळे मी पुढे एक शब्द बोललो नाही. हातात झेरॉक्सचा कागद मिळाला: तेल, तूप, लोणी, साय, दाणे, खोबरं, तीळ, अंड्याचं पिवळं, मटण, तळलेलं सगळं, काट.

आता खानदेशात राहून हे कसं जमवायचं? आमच्याकडे शेवभाजीवर बोटभर तवंग नसेल तर पाहुणा यजमानाकडे संशयाने बघतो. त्यात बायको लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला. मी रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढला, डब्यात बसून डबा खाल्ला, स्वयंपाकात मला चहाच्या पुढे काही येत नाही.

पहिला डबा लावला तो व्हॉट्सॲपवर जाहिरात बघून. ‘शंभर टक्के ऑइल फ्री.’ नाव घेत नाही. दुसऱ्याच दिवशी पोट जड वाटलं, म्हणून रश्श्याची वाटी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी वर नारिंगी चकत्या तरंगत होत्या. चपाती ज्या कागदात गुंडाळून आली होती तो उजेडाकडे धरला, तर पलीकडची खिडकी दिसली. विचारलं तर म्हणे, ‘काका, चमचाभरच टाकतो, त्याशिवाय चव कशी येईल?’ एका लहान चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास तेल बसतं, आणि माझ्या जेवणाचा सगळा हिशेबच त्याहून लहान होता. तिसऱ्या दिवशी बंद केला.

मग शेजारच्यांनी या ताईंचं नाव सांगितलं. घरगुती डबा, मूळच्या अमळनेरकडच्या, वीस-पंचवीस गिऱ्हाईकं. झेरॉक्सचा कागद घेऊन गेलो. त्यांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि माझ्या लक्षात न आलेली गोष्ट विचारली: ‘भाऊ, मसाल्याचं काय?’ आमचा काळा मसाला म्हणजे मिरची-धन्यांसोबत खोबरं आणि तीळ, आणि बरंचसं तेलात परतलेलं. वरून एक थेंब न घालता नुसता मसाला टाकला तरी तेल आलंच. सुकं खोबरं म्हणजे निम्म्याहून जास्त तेल, दाणे जवळजवळ निम्मे. पहिल्या डबेवाल्याला हे सुचलंही नसेल.

ताईंनी माझ्यासाठी वेगळी बरणी केली. धने, जिरं, लवंग, दगडफूल, मिरची, सगळं कोरडं भाजून. कांदा अख्खा गॅसच्या जाळावर ठेवायचा, वरची सालं काळी पडून आत मऊ होईपर्यंत. मग तो लसूण-आल्याबरोबर वाटायचा. रस्सा दाट व्हायला भाजलेलं ज्वारीचं पीठ. फोडणी एकदा मी ओट्यापाशी उभं राहून बघितली. लोखंडी कढई चांगली तापवली, मोहरी-जिरं कोरडंच टाकलं, तडतडलं तसा ठेचलेला लसूण आणि लगेच पाण्याचा हबका. अशी वाफ उठली की दोघंही खोकलो. ‘भाऊ, एक थेंब बी नही टाकेल शे!’ असं म्हणून कढई माझ्यापुढे तिरपी करून दाखवली. त्या वाटीची फ्रीजवाली परीक्षाही मी घेतली (ताईंना सांगितलं नाही). वर काही आलं नाही.

चवीचं खरं सांगायचं तर पहिले चार दिवस जीभ रुसलेली असते. पाचव्या दिवशी फुनके आले. तूरडाळ भिजवून भरड वाटायची, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून मुटके करायचे आणि वाफवायचे. आमच्या घरी ते फोडून वर कच्चं तेल ओततात, म्हणून मी आयुष्यभर त्यांना तेलाचा पदार्थ समजत होतो! सोबत कढी, साय काढलेल्या पावडरच्या दुधाचं ताक करून. कढी पातळ होती, पण लसणाने तारून नेली. त्या दिवशी दोन फुनके राखून रात्री खाल्ले.

आणि भरीत. हिवाळा असल्यामुळे बाजारात आपली हिरवी, पांढऱ्या रेघांची मोठी वांगी होतीच. त्यांचं निम्मं काम जाळच करतो. ताईंच्या जावेच्या शेतातून आलेल्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्यातच भाजलेल्या मिरच्या, लसूण, वरून कांद्याची पात. ना दाणे, ना खोबरं, ना फोडणी. धुराचा वास इतका पक्का की तेल आठवलं नाही. बरोबर कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची. एरवी बाजरीला मी पहिला मान देतो, पण ताईंनी बाजरी स्वतःच बाजूला ठेवली, तिच्यात ज्वारीपेक्षा तेल जास्त म्हणून. बरोबर आहे ते, ज्वारीच्या दुपटीहून जास्त असतं.

बाकी दिवसांची यादी देत बसत नाही. गंगाफळ, दोडकं, कच्च्या केळ्याची रस्साभाजी (ही जरूर मागा), मुगाचं वरण, भात. सोमवारी उपासाला साबुदाणा-दाणे बाद, तर भगर आणि उकडलेला बटाटा, वर ताक.

आता तक्रारी. बट्टी मागू नका. आपली बट्टी वाफवून मग तळतात. तळायचं वगळलं की उरते ती ओली वीट. भाकरी साडेबाराला येते, दोनपर्यंत वातड होते, म्हणून रश्श्यात कुस्करूनच खावी लागते. मिठाचा हात सढळ आहे, बहुधा तेलाची उणीव भरून काढायला. बीपीवाल्यांनी आधी सांगावं. रविवारी डबा बंद, आणि त्या एका दिवसात मीच माती खाल्ली. चहाबरोबर मारी बिस्किटं खाल्ली, आजाऱ्याचं बिस्किट म्हणून. नंतर पुडा उलटून बघितला, शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या पुढे फॅट! पाकिटावर ‘फॅट फ्री’ लिहायचं तर नियमाप्रमाणे शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही. म्हशीच्या दुधाचंही तेच, घरी साय काढली म्हणजे भागलं असं मी समजत होतो. नाही भागत. नंतरचे रविवार केळी आणि लिंबू पिळलेल्या मुरमुऱ्यांवर काढले. केळ्यांची आपल्या जिल्ह्यात काय ददात.

एका वेळेचे नव्वद रुपये, दोन वेळा लावला तर एकशे सत्तर. साध्या डब्यापेक्षा वीस जास्त, वेगळी कढई आणि वेगळी बरणी धरता मला ते वाजवी वाटले. सहा आठवड्यांत माझं वजन पाच किलोने उतरलं. ते बघून गल्लीतल्या दोघांनी हाच डबा लावायचं मनात घेतलं, तेव्हा ताईंनी त्यांना परत पाठवलं: डॉक्टरांचा कागद आणा. मला सर्जनही म्हणाले होते की अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतंच, हे जेवण ऑपरेशनपर्यंतच.

जानेवारीत ऑपरेशन झालं. आता चमचा-दोन चमचे तेल चालतं, तरी दुपारचा डबा तिथलाच आहे.

लावायचा असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत फोन करा, नंतर त्या उचलत नाहीत. आणि डबा परत देताना-घेताना पुडं मोजा. माझं एक झाकण डिसेंबरपासून त्यांच्याकडे आहे, आणि त्यांच्या मते ते माझ्याकडे.