बादगीर बघावा की गुंबद-ए-काबूस?

इराणात एकाच मनोऱ्यापुरता वेळ आहे, कुठे जाऊ, असं आर्किटेक्चर शिकणारी भाची विचारतेय.

उपयोगात याझ्द शहरातला बादगीर, म्हणजे वारा पकडून आत आणणारा मनोरा, सरळ पुढे. दौलताबाद बागेतला सुमारे ३३ मीटर उंच, अष्टकोनी. वरच्या उभ्या फटींत वारा शिरतो, खालच्या हौदावरून जाताना गार होतो. वारा पडला तर आतली गरम हवा त्याच वाटेनं वर निघते. प्रतीक म्हणशील तर मालकाची ऐपत, बस्स.

गुंबद-ए-काबूस म्हणजे काबूस राजाचं थडगं. सन १००६, ५३ मीटर, दहा टोकांच्या ताऱ्याचा आराखडा. नक्षी जवळपास नाहीच. कोऱ्या विटा आणि कूफी या जुन्या अरबी लिपीतल्या लेखाचे दोन पट्टे. राजानं जिवंतपणीच बांधून घेतला! रोजच्या कामाचा नाही, दरारा मात्र दूरवर.

प्रवासाला याझ्द सोपं. काबूस पार ईशान्येला. हवा खेळवायला शिकायचं तर याझ्द, विटेचं वेड असेल तर काबूस.