सात-बाऱ्याच्या ऑनलाइन सेवा ठाणे-नवी मुंबईत कितपत कामाच्या?

महसूल खात्याच्या तीन सेवा आहेत. महाभूलेखवर उतारा फुकट दिसतो. डिजिटल सात-बारा सेवेत पैसे भरून डिजिटल सहीचा उतारा मिळतो, आणि 'आपले अभिलेख'वर जुन्या कागदांचे स्कॅन मिळतात. सेवा म्हणून तिन्ही चांगल्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत मात्र बहुतेकांचे घोडे पहिल्याच तीन रकान्यांवर अडते: जिल्हा, तालुका, गाव.

आधी गाव. सेक्टर, नोड, रोड ही नावे महसूल खात्याच्या दप्तरी नाहीत. तिथे मौजे, म्हणजे महसुली गाव, चालते. सीवूड्स नावाचे गाव शोधून सापडणार नाही. जागा कुठे आहे त्यावरून करावे, दारावे किंवा नेरूळ निवडावे लागते. सीबीडीसाठी बेलापूर किंवा शहाबाज. घोडबंदर रोडचेही तेच: कोलशेत, कावेसर, ओवळे, भाईंदरपाडा यांपैकी नेमके कोणते, ते खरेदीखताच्या परिशिष्टात किंवा इंडेक्स-दोनवर (दस्तनोंदणीचा गोषवारा) 'मौजे' या शब्दापुढे लिहिलेले असते. तो कागद हातात घेऊनच बसावे.

मग जिल्हा. खारघर, कळंबोली, उलवे यांच्या पत्त्यात नवी मुंबई असते, पण उतारा काढताना जिल्हा रायगड, तालुका पनवेल निवडायचा. वाशी, तुर्भे, ऐरोली, घणसोली मात्र जिल्हा ठाणे, तालुका ठाणे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावे नव्या शहरासाठी ठरली. शहर एक झाले, तरी महसुली हद्द जागची हलली नाही. १९९२ पासून कारभार पाहणारी नवी मुंबई महापालिका ठाणे तालुक्यापुरतीच राहिली, आणि पनवेलला २०१६ मध्ये वेगळी महापालिका मिळाली. पालिकेचा नकाशा आणि महसूलचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहू नयेत, ते जुळत नाहीत. दहिसर-पिंपरी पट्ट्यातली १४ गावे नवी मुंबई महापालिकेतून बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. त्यांच्या सात-बाऱ्यावरचा तालुका या सगळ्यात ठाणेच राहिला. (हे दहिसर ठाणे तालुक्यातले. बोरिवलीजवळचे दहिसर मुंबई उपनगरात येते. घाईत हमखास गफलत होते.)

'आपले अभिलेख'वर तर जिल्ह्याचा इतिहासच माहीत असावा लागतो. वसई, पालघर, डहाणूसह आठ तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेले आणि ठाण्याकडे सात उरले. म्हणून वसईचा जुना फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) पालघर निवडून शोधायचा, आणि स्कॅन उघडल्यावर वर 'जिल्हा ठाणे' दिसले तर चुकीचा कागद आला असे समजायचे नाही. पनवेलच्या जुन्या कागदावर 'कुलाबा' असते, कारण रायगड हे नाव १९८१ नंतरचे. त्याहून मागे, एकोणिसाव्या शतकात, पनवेल ठाणे जिल्ह्यातच होते. ठाणे शहराच्या जुन्या कागदांत तालुका 'साष्टी' असतो. साष्टीचा दक्षिणेकडचा भाग १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा म्हणून तोडला, त्यामुळे कुर्ला-अंधेरीच्या त्याआधीच्या कागदांवरही ठाणेच.

'आपले अभिलेख'वर नोंदणी करून लॉगिन करायचे, अभिलेखाचा प्रकार निवडायचा (सात-बारा, खातेदाराची एकूण जमीन दाखवणारा आठ-अ, फेरफार), सर्व्हे नंबर टाकायचा, हवी ती वर्षे कार्टमध्ये घ्यायची. आजचा गट नंबर टाकून काहीच आले नाही तर जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा टाकून पाहावे. जुनी पाने मोडी लिपीत असली तर ती वाचणारा शोधावा लागतो, ते काम साइट करत नाही.

सहीच्या उताऱ्याला १५ रुपये पडतात, आठ-अ आणि फेरफारालाही तेवढेच. साइटवरच्या आपल्या खात्यात पैसे आधी भरायचे. तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) शिक्क्यासाठी हेलपाटा नाही; उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक टाकून कोणालाही तो तपासता येतो. फुकटचा उतारा बँकेत देऊ नये, तो फक्त माहितीसाठी असल्याचे त्यावरच छापलेले असते.

खरी चूक होते ती उतारा वाचताना. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते. ०.१५.२० म्हणजे १५ आर २० चौरस मीटर, एकूण १,५२० चौरस मीटर, गुंठ्यांत साधारण १५. त्याखाली पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा दाखवलेला असतो आणि खाडीकाठच्या खाजण जमिनीत तो बराच निघू शकतो. दलाल एकूण आकडा सांगतो, आपण लागवडयोग्य क्षेत्र पाहावे. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) लिहिले असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची (हस्तांतरणावरच्या निर्बंधाची) अट 'इतर हक्क'मध्ये असते, आणि नेमका तोच रकाना लोक वाचत नाहीत. तिथे दिलेला फेरफार क्रमांक घेऊन आणखी १५ रुपये खर्चून तो फेरफार उघडावा. या साखळीसाठीच ही सेवा पैसे वसूल आहे.

नवी मुंबईत सिडकोच्या भूखंडावरचा फ्लॅट घेणाऱ्याला मात्र या सेवेचा फारसा उपयोग नाही. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असते, तिथे करारनामा आणि सिडकोचे हस्तांतरणाचे कागद पाहावे लागतात. गावठाणातल्या घरालाही सात-बारा नसतो. सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढावी, तिची फी वेगळी.

नावात किंवा क्षेत्रात संगणकीकरणातली चूक सापडली तर ती साइटवरून थेट सुधारत नाही. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा आणि सोबत 'आपले अभिलेख'वरचा जुना हस्तलिखित उतारा जोडायचा. लेखनातली चूक आहे हे त्यानेच दाखवता येते.