८ महिने झाले माशांच्या टँकला साधी नदीची वाळू टाकून, माझा अनुभव

आमचा नांदेडला २ फुटी टँक आहे, त्यात ६ कोरी (कोरीडोरस, तळाशी खाद्य शोधणारे मिशावाले छोटे मासे) आन थोड्या टेट्रा, त्या पण छोट्या मासोळ्याच. आधी दुकानातून आणलेली निळी-पिवळी रंगीत खडी होती, दिसायला भारी दिसायची, पण तिसऱ्या महिन्यात बघतो तर कोरींच्या मिशा आखूड व्हायलेत, एकीच्या तर पार गेलेल्या आन तोंडापाशी पांढरं झालेलं. खडी बोटावर घासून बघितली तर चक्क धार लागली. वरून फटीत खाद्य अडकून सडायचं, आन कोरी खायला तोंड घालणार तर तिथंच. लई वाईट वाटलं, दुकानात विचारायच्या आधी मी स्वतः हात लावून बघायला पाहिजे होतं.

मग गल्लीत एका घराचं काम चालू होतं, त्यांना विचारून गोदावरीच्या वाळूचं एक पोतं आणलं. तिथंच क्रश सँडचा पण ढीग होता, काळी काळी छान दिसते पण ती दगड फोडून बनवतात, कणांना कोपरे राहतात, कोरीला ती नकोच. नदीची वाळू पाण्यात घासून घासून गोल झालेली असते. पण आपल्याकडच्या वाळूत चुनखडीचे पांढरट खडे असतात, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात, आन आमचं बोअरचं पाणी आधीच इतकं जड की मी आरओ मिसळून वापरतो. म्हणून चाळून घेतली, मोठे खडे काढले, मग वाटीत मूठभर कोरडी वाळू घेऊन वर व्हिनेगर टाकलं. पहिल्या वाटीत २-३ कण फसफसले, म्हणजे तो चुनाच. पांढरे दिसतील तेवढे वेचले आन परत ४ वाट्या वेगवेगळ्या जागची वाळू घेऊन बघितली, तेव्हा कुठं समाधान झालं. संगमरवराचे तुकडे शोभेला टाकतात त्यांचं पण हेच, ते पण चुनाच आहेत.

धुवायला अख्खा रविवार गेला. बादलीत पाईप तळापर्यंत घालायचा, हातानं ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, असं पाणी नितळ येईपर्यंत. दीड इंच थर केला, साधारण १० किलो लागली. तरी २ दिवस टँक धुरकट होता, फिल्टर तेवढा वाळूपासून वर ठेवा, बारीक कण मोटारीत जातात.

जास्त जाड थर करू नका. मी मागच्या कोपऱ्यात झाडांसाठी ३ इंच केला होता, तिथं चौथ्या महिन्यात वाळू काळी पडली आन काडी घातली की सडक्या अंड्याचा वास यायला लागला. थर कमी केला, आता आठवड्याला हलक्या हातानं काडी फिरवतो, परत तसं झालं नाही. वाळूत झाडांना खायला काही नसतं, मुळाशी खताच्या गोळ्या द्याव्या लागतात. मला एकानं शेतातली काळी माती टाकायला सांगितली होती, ती चुकूनही टाकू नका, महिनाभर पाणी निवळत नाही.

पण कोरी! डोळ्यापर्यंत तोंड वाळूत खुपसतात, तोंडभर घेतात आन कल्ल्यातून वाळूची बारीक धार बाहेर सोडतात. खडीवर हे कधीच दिसलं नव्हतं. ५ जणींच्या मिशा परत वाढल्या. सहावीच्या मुळापासूनच गेल्या होत्या त्या आल्या नाहीत, तिला खाद्य लवकर सापडत नाही, म्हणून लाईट बंद केल्यावर तिच्या कोपऱ्यात एक गोळी मी वेगळी टाकतो.