‘दि ॲस्टॉनिशिंग’: एकाच गळ्यातलं दोन तासांचं आख्यान

ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा, सलग एक कथा सांगणारा ‘दि ॲस्टॉनिशिंग’ हा अल्बम जानेवारी २०१६ मध्ये आला, तेव्हा त्यांच्या जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी नाक मुरडलं. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. दोन डिस्क, ३४ ट्रॅक, दोन तास दहा मिनिटं. जड रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) मोजके, पियानोवरची संथ गाणी भरपूर, आणि सगळीकडे डेव्हिड कॅम्पबेलने बांधलेला ऑर्केस्ट्रा. त्यांच्याच १९९९च्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ या अल्बमसारखं काही मिळेल या आशेने बसलेला माणूस पहिल्या डिस्कच्या मध्यावरच कंटाळतो. तरीही हा अल्बम मोलाचा आहे, फक्त त्याच्याकडे शिरायची वाट वेगळी आहे.

खरी अडचण आवाजाची. कथेत सात-आठ पात्रं, आणि सगळी बँडचा गायक जेम्स लाब्री एकटा गातो. नायक तोच, सम्राट तोच, राजकन्याही तोच. मेटल अल्बम म्हणून ऐकलं की हे खटकतं. पण नारदीय कीर्तनात उत्तररंगाला बुवा एकटेच राजा होतात, राणी होतात, दूतही होतात, आणि आपला कुठेच गोंधळ होत नाही. हेल बदलला, चाल बदलली की पात्र कळतं. लाब्री तेच करतो. सम्राट नफेरियस खालच्या पट्टीत, दातओठ खात बोलतो. त्याची मुलगी फेथ हलक्या, जवळजवळ श्वासातल्या आवाजात येते. सीडीच्या पुस्तिकेत कुठली ओळ कोणाची ते दिलेलं आहे. पहिल्या खेपेला ती समोर हवीच.

कथा बँडचा गिटारवादक जॉन पेट्रुचीची. साल २२८५. माणसांनी संगीत करणं संपलंय, ‘नोमॅक्स’ नावाची उडती यंत्रंच आवाज काढतात. रेव्हन्सकिल गावच्या गॅब्रिएलला गाण्याची देणगी आहे. त्याचा भाऊ अरीस सम्राटाविरुद्ध बंडाचा नेता. फेथ गॅब्रिएलच्या प्रेमात पडते आणि सम्राट गावाला तीन दिवसांची मुदत देतो: गॅब्रिएलला स्वाधीन करा, नाहीतर गाव बेचिराख. एवढं आधी माहीत असेल तर पुढचं रहस्य फुटत नाही, उलट गाणी सुटी सुटी वाटायची थांबतात.

सुरुवात पहिल्या ट्रॅकपासून करूच नका. आधी ‘द गिफ्ट ऑफ म्युझिक’, ‘अ लाइफ लेफ्ट बिहाइंड’ आणि दुसऱ्या डिस्कवरचं ‘मोमेंट ऑफ बिट्रेयल’ ही तीन गाणी दोन-तीनदा ऐका. शेवटच्यात हवा तो जडपणा मिळतो, मधल्यात ताल मोडण्याची जुनी हौस. मग एका बैठकीला पहिली डिस्क, सुमारे ८० मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुसरी, ५० मिनिटांच्या आसपास. एका दमात दोन्ही ऐकल्या की दुसऱ्या डिस्कच्या संथ गाण्यांपाशी कान थकलेले असतात, आणि नेमकी तिथेच कथा टोकाला गेलेली असते. ‘डिस्टोपियन ओव्हर्चर’ ही या सगळ्याची नांदी. पुढे येणाऱ्या चाली तिच्यात ओवलेल्या आहेत. ती पहिल्यांदा नुसती ऐकायची. पूर्ण अल्बम झाल्यावर पुन्हा लावली की प्रत्येक तुकडा ओळखीचा निघतो.

फोनवर ऐकत असाल तर शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढवण्याची सोय) शून्यावर आणि गॅपलेस (दोन गाण्यांमध्ये खंड न पडू देण्याची सोय) चालू. गाणी एकमेकांत शिरतात. क्रॉसफेड असेल तर जोड विरघळतात, गॅपलेस नसेल तर मध्येच खाच पडते. यंत्रांच्या घरघरीचे पाच छोटे ट्रॅक आहेत, पाचही मिळून पाच मिनिटांच्या आत. अनेकजण ते वगळतात. वगळले तर शेवटी ‘पॉवर डाउन’मध्ये यंत्रं बंद पडल्यावर येणारी शांतता रिकामी जाते, म्हणून पहिल्या दोन खेपांना तरी राहू द्या.

सुंदर जागा खूप. ‘थ्री डेज’च्या शेवटी धमकीतून अचानक उसळणारा जुन्या जॅझचा तुकडा, ‘द एक्स अस्पेक्ट’च्या अखेरीस बॅगपाइप. पण सर्वांत मोठी जागा ‘अ न्यू बिगिनिंग’ची. साडेसात मिनिटांचं हे अल्बममधलं सगळ्यांत लांब गाणं. बोलणं संपतं आणि पेट्रुचीची गिटार एकटी बराच वेळ चढत जाते. इतकी संयमी बांधणी त्याने क्वचितच केली असेल.

दोषही आहेत, आणि ते सवयीने जात नाहीत. माइक मँजिनीचे ड्रम मिक्समध्ये कोरडे आणि मागे आहेत. छोट्या इअरफोनवर तर स्नेअर, म्हणजे ठेक्याचा मुख्य ड्रम, टपटपतो. मोठे हेडफोन किंवा बरे स्पीकर वापरले तर तळ थोडा भरतो. सम्राटाचं मतपरिवर्तन फार झटपट होतं. ‘द पाथ दॅट डिव्हाइड्स’मधला तलवारींचा खणखणाट गाण्याला मदत करत नाही. आणि फेथच्या वाट्याला एक खरा स्त्रीचा आवाज आला असता तर ‘ॲक्ट ऑफ फेथ’ आणखी उंच गेलं असतं. लहानपणी सापडलेला म्युझिक प्लेअर लपवून ठेवणाऱ्या मुलीचं ते गाणं आहे.

विकत घ्यायचाच असेल तर दोन सीडींचा संच घ्या, पुस्तिकेसाठी.